थंडीतले कोंबड्यांचे पाणी

पुण्यात कोंबड्यांचे पाणी गोठत नाही. वेधशाळेच्या नोंदीतील शहराचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस आहे आणि तोही १९३५ च्या जानेवारीतला. तेव्हा पाषाणला घरामागे आठ कोंबड्या पाळणाऱ्या माझ्यासारख्याने हा विषय काढण्याचे खरे तर कारण नाही. तो निघाला महाबळेश्वरच्या मावसबहिणीमुळे.

तिकडे वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण जवळजवळ दर हिवाळ्यात वाचतो. अशाच एका पहाटे ताईच्या खुराड्याबाहेरील पसरट परातीत बर्फाची पापडी धरली होती, आणि पडवीतला तापमापक मात्र चार अंश दाखवत होता. तापमापकच बिघडला असावा, असे तिला वाटले. तो बिघडलेला नव्हता. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री उघड्यावरची जमीन, गवत आणि पाणी आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात, त्यामुळे जमिनीलगतचा थर पडवीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक गार होतो. याच गुणाचा उपयोग करून अठराव्या शतकात अलाहाबादेकडे वाळलेली धाटे अंथरलेल्या खड्ड्यांत मातीची उथळ भांडी मांडत आणि पहाटे त्यांतून बर्फ गोळा करत. ताईची परात नकळत तोच उद्योग करत होती.

म्हणून मी तिला दोनच गोष्टी सुचवल्या. पाणी छपराखाली ठेवायचे, कारण छप्पर आकाशाइतके थंड नसते आणि ते पाण्याची उष्णता बरीचशी परत करते. आणि परातीऐवजी खोल बादली घ्यायची. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, त्यामुळे भांड्यातील सगळे पाणी तेवढे गार होईपर्यंत गार झालेला वरचा थर खाली बसत राहतो आणि पृष्ठभागावर बर्फ धरत नाही. दोन बोटे पाण्याला ही मुदत फार थोडी मिळते, वीतभर पाण्याला बरीच.

मिनेसोटात राहणाऱ्या पुतण्याला हे उपाय सांगितले तेव्हा तो हसला. तिथे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि छपराने काही साधत नाही. तो भांड्याखाली विजेवर तापणारी बैठक ठेवतो, आणि वीज गेली की काळ्या रबरी घमेल्यात दिवसातून तीनदा कोमट पाणी ओततो. रबर लवचीक असल्यामुळे घमेले उलटे करून दाबले की बर्फ निखळून पडतो. पाण्यात मीठ घालून पाहावे का, असे त्याने एकदा विचारले होते. ते मुळीच करू नये, कारण पाणी गोठू नये इतके मीठ कोंबडीला मारक ठरते. खुराड्यात तापवणारा दिवा टांगण्याचेही मला भय वाटते. कोरडा भुसा आणि उडणारी पिसे यांच्यामध्ये तो आगीला आमंत्रणच असतो.

या खटाटोपात माझी स्वतःची चूक माझ्या लक्षात आली. मी वर्षभर मातीचे परळ वापरत होतो. उन्हाळ्यात ते माठासारखे पाझरते आणि पाणी गार ठेवते, म्हणून मला त्याचे कौतुक होते. पण डिसेंबरातही ते तेच काम इमानाने करत होते. सकाळी कोंबड्या चोच बुडवत आणि मान झटकून निघून जात. अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते; पाणी कमी झाले की खाणेही कमी होते. अर्थात हिवाळ्यात अंडी घटण्याचा सगळा दोष मी परळाला देणार नाही. पुण्यात तेव्हा दिवस अकरा तासांवर येतो, आणि भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो.

कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत, म्हणून आता मी संध्याकाळी भांडे रिकामे करून पालथे घालतो. खुराड्यात रात्रभर दमटपणाही राहत नाही. सकाळी दार उघडताना बोअरचे ताजे पाणी भरतो. जमिनीच्या पोटातले हे पाणी थंडीत हाताला कोमट लागते, आणि त्याला विजेचा वेगळा खर्च नाही. परळ कुंपणाच्या भिंतीवर पालथे पडले आहे. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत गेली की ते पुन्हा खाली उतरेल.