पेटंट का घेत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस पन्हळीखाली लोंबणारं सुंभ बघतो, कपाटाच्या पायांखालच्या वाट्या बघतो, आंबे काढायची काठी हातात तोलून पाहतो आणि मग हमखास विचारतो, "ताई, याचं पेटंट का नाही घेत?" प्रश्न आपुलकीनं विचारलेला असतो. माझ्या हातचं काहीतरी मोलाचं निसटतंय, असं त्यांना खरंच वाटत असतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आधी कायद्याचं. आपला पेटंट कायदा १९७० सालचा आहे. पेटंट मिळालं की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं ती वस्तू तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला बनवता-विकता येत नाही. पण त्यासाठी ती जगात कुठेही आधी माहीत असता कामा नये, आणि त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचेल अशीही असता कामा नये. शिवाय कायद्याच्या तिसऱ्या कलमात कशाकशाला शोध मानायचं नाही याची यादीच दिली आहे. माहितीच्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नाही. पारंपरिक ज्ञान हाही शोध नाही. माझ्या घरातलं जवळजवळ सगळं या दोन पोटकलमांत बसतं.

मडक्याचंच बघा. एप्रिल-मे महिन्यात मुलीकडे जायचं ठरलं की पहिली चिंता झाडांची. पुष्कळजण प्लॅस्टिकची बाटली उलटी खोचून जातात. ती एक तर तासाभरात रिकामी होते, नाहीतर तोंडात माती बसून थेंबही गळत नाही. मी छोटं, बिनरंगाचं मडकं आळ्यात गळ्यापर्यंत पुरते, पाण्यानं भरते आणि तोंडावर करवंटी घट्ट बसवते. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी असली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की ओढ कमी होते. मुळं आपणहून मडक्याला बिलगतात. मडकं रंगवलेलं घेऊ नका, छिद्रं बुजतात. बोअरचं पाणी जड असेल तरी ती हळूहळू बुजतात, मग मडकं काढून काथ्यानं खसाखसा घासावं लागतं. आता ही युक्ती माझी म्हणू का? चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथात वेलांसाठी मडकी पुरायची रीत लिहून ठेवलेली आहे. करवंटी तेवढी माझी.

पन्हळीखालच्या सुंभाचंही तसंच. पन्हळीच्या तोंडातून पडणारं पाणी अंगणात खड्डा पाडतं आणि तांबडी माती भिंतीवर उडवतं. चुना लावलेली भिंत श्रावणापर्यंत कमरेएवढी लाल होते. तोंडापासून खालच्या दगडापर्यंत सुंभ ताणून बांधलं की पाणी त्याला धरून खाली उतरतं आणि शिंतोडे उडत नाहीत. सुंभ खरखरीत हवं. नायलॉनच्या गुळगुळीत दोरीवरून पाणी सुटतं. आषाढातल्या मोठ्या सरीत एकेरी सुंभ पुरत नाही, तीन पदरांची वेणी घालावी लागते. जपानमध्ये देवळांच्या वळचणीला याच कामासाठी साखळ्या टांगतात, आणि त्या दिसतातही फार सुंदर.

मुंग्यांच्या वाट्यांबद्दल मात्र जरा जास्त सांगायचं आहे, कारण तिथे एकाचा त्रास काढताना दुसरा घरात येतो. दूध-तुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्यानं भरलेल्या दगडी वाट्यांत ठेवायची पद्धत आमच्या सासूबाईंच्या आधीपासूनची आहे. मुंग्या तरी चढायच्याच, आणि घरातले म्हणायचे, पाण्याचा आता उपयोग होत नाही. मी जमिनीवर बसून नुसती बघत राहिले. मुंग्या पाण्यातून येतच नव्हत्या. एका वाटीत झाडूची काडी आडवी पडली होती, तिच्यावरून रांग लागली होती. दुसरीकडे कपाटाची मागची कड भिंतीला टेकली होती. म्हणजे वाट्यांपेक्षा पुलांकडे लक्ष द्यायला हवं होतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, आणि प्रत्येक पायाला वाटीच्या वर पत्र्याची छत्री बसवली, डालड्याच्या जुन्या डब्याच्या झाकणाला मधोमध भोक पाडून. आता काडी-कचरा छत्रीवर पडतो, पाण्यात नाही. पाण्यात साबणाचा एक थेंब घातला की पृष्ठताण मोडतो आणि उतरलेली मुंगी तरंगत पलीकडे जाऊ शकत नाही.

पण साचलेलं पाणी म्हणजे डास. डेंग्यूचा डास अशाच लहानशा, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवा डास उडतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, म्हणून सांगतं ते याचसाठी. अळ्या पाण्याच्या वर शेपटाकडची नळी काढून श्वास घेतात, म्हणून वाटीत खोबरेल तेलाचा तवंग ठेवला तर त्या गुदमरतात. तरीही मी तेलावर विसंबत नाही. ठरलेल्या वारी वाट्या ओतते, आतून घासते, उन्हात पालथ्या घालते. घासायचं अशासाठी की अंडी कडेला चिकटून राहतात आणि वाटी कोरडी झाली तरी मरत नाहीत. मुंग्यांची वाटी कुणाला शिकवली की हेही शिकवते, आणि हे करायला वेळ नसेल तर वाट्या लावूच नका म्हणते.

दाराच्या कडीसाठी सायकलच्या ट्यूबची पट्टी, घट्ट झाकणासाठी त्याच ट्यूबचं कडं, कात्री हरवू नये म्हणून खिळ्याला बांधलेली दोरी, असलं बरंच काही आहे. ते बघून कुणालाही करता येतं.

पेटंटच्या प्रश्नाचं माझ्या दृष्टीनं खरं उत्तर आंब्याच्या काठीत आहे. जुन्या झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीनं, आंबा ओढून तोडला की देठ मुळातून निघतो, चीक फळावर ओघळतो, साल काळवंडते आणि आंबा देठाकडून कुजायला लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं नूतन झेला काढला. त्याला धारदार पातं असतं, आंबा देठासकट कापून जाळीत पडतो. फार गुणाची वस्तू आहे. मी तीच आणली आणि माझ्यापुरती बदलली. माझी उंची कमी, उजवा खांदा दुखरा. मोठ्या जाळीत आंबे साठत गेले की काठीचं टोक जड होतं आणि सगळा भार खांद्यावर येतो. म्हणून मी जाळी लहान केली, जेमतेम दोन आंब्यांची, म्हणजे काठी वेळेवर खाली घ्यावीच लागते. आत जुन्या सुती पातळाचा अस्तर शिवला, दुसरा आंबा पहिल्यावर आपटू नये म्हणून. बांबू दोन तुकड्यांत केला आणि प्लॅस्टिक पाइपच्या बाहीनं जोडला. आता मोठी बाग असलेल्या माणसाला ही काठी विका बघू! त्याला मोठी जाळीच हवी, त्याचे गडी उंच, त्यांना दिवस संपायच्या आत झाड उतरवायचंय. माझी काठी माझ्या खांद्याला आणि परसातल्या दोन कलमांना बसते. ब्लाऊज जसा मापाचा शिवतात, तशी ती आहे. (एक अगदी गंभीरपणे सांगते: हलकी पडते म्हणून अॅल्युमिनियमची काठी कुणी करू नका. झाडाजवळून विजेची तार गेली असेल तर जीव जाईल. वाळलेला बांबूच बरा, आणि तोही तारेपासून लांब.)

याचा अर्थ पेटंटला माझा विरोध आहे असं नाही. मुंबईचे संशोधक शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हे आमच्यासारख्यांचं दैवत. लंडनच्या एका नियतकालिकानं किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा ठेवली होती, ती त्यांनी जिंकली. पुढे त्यांनी छपाईचे खिळे पाडायचं यंत्र केलं. हजारो छापखान्यांत चालू शकेल अशी वस्तू ज्याच्या डोक्यातून आली, त्यानं पेटंट घ्यायलाच हवं. तुमच्याकडे तसं खरोखर नवं काही असेल तर अर्ज करण्याआधी ते चारचौघांत दाखवू नका, कारण जाहीर झालेली गोष्ट नवी धरली जात नाही. आणि २००० साली सुरू झालेली, गुजरातेतली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था शेतकरी-कारागिरांना याच कामात मदत करते, तिच्याकडे जा.

बाकीच्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, काय करायचं? लिहून ठेवायचं. हे मला हळदीच्या खटल्यानं पटवलं. १९९५ साली अमेरिकेत, हळदीनं जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे बोट कापलं की आई पहिली हळदीचा डबा उघडते, पण हे सगळ्यांना माहीत आहे एवढं म्हणून भागत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख पुरावा म्हणून मांडला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. छापलेला कागद हाताशी होता म्हणून ते झालं. आपल्या आज्या-पणज्यांनी घर-परसातलं जे जे शोधलं त्यातलं किती कागदावर आहे? बहुतेक त्यांच्याबरोबर गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. पडवीतल्या त्या दगडी वाट्या पहिल्यांदा कुणी मांडल्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मी प्रत्येक गोष्टीचा एक कागद करते. वर तारीख. त्रास काय होता आणि नेमका कुठून येत होता. मग चित्र आणि सेंटीमीटरमध्ये मापं. वीत आणि बोटं प्रत्येकाची वेगळी, ती दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. सामान कुठून आणलं. आणि शेवटी, ते कुठे चालत नाही. हा शेवटचा भाग लोक गाळतात, मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. सुंभाच्या कागदावर मोठ्या सरीचं लिहिलं आहे, मडक्याच्या कागदावर बोअरच्या पाण्याचं. कुणी मागितला की कागदाची झेरॉक्स देते, आणि बदल केलात तर मला कळवा म्हणते. शेजारच्या काकूंनी वाट्यांवरची छत्री पत्र्याऐवजी करवंटीची केली आहे, गंजत नाही. तेही त्यांच्या नावानं कागदावर चढलं.

माकडांचा कागद मात्र अजून कोरा आहे. डबे बांधून झाले, आरसे टांगून झाले, चकचकीत पट्ट्या लावून झाल्या. प्रत्येक गोष्टीला ती थोडे दिवस बिचकतात आणि मग तिच्याच शेजारी बसून शहाळी फोडतात. कौलं सरकवतात ती वेगळीच. त्यांना इजा न करता, फटाके न वाजवता, एक अख्खा पावसाळा टिकलेलं काही तुमच्याकडे असेल तर मापं घालून लिहून पाठवा. कोणत्या जातीची माकडं, लाल तोंडाची की काळ्या तोंडाचे वानर, हेही लिहा.