समासासकट नक्कल मिळेपर्यंत

आमच्या घरात पणजोबांचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं: 'त्यांनीच भातजमीन विकून टाकली.' आत्या तर हे सांगताना आवाजही खाली आणायची. मला ते कधी पटलं नाही. जमीन विकली होती, तर त्याच सर्व्हे नंबरात आजोबा कूळ म्हणून कसे? १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कसणारं कूळच मालक धरलं गेलं त्या दिवसानंतर, कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरली, ती त्यांनी हप्त्यांनी भरली आणि कलम ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळालं. फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे.

सातबारा, जुने फेरफार, कडईपत्रक हे जमिनीचे सगळे कागद विनासायास मिळाले. अडलं ते पणजोबांच्या त्या विक्रीच्या नोंदवलेल्या दस्तापाशी.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात जुन्या नावांच्या सूचीत पणजोबांचं नाव सापडलं, पुस्तक आणि पान सापडलं. नकलेचे पैसे भरले. हातात आली ती झेरॉक्स: मोडीतला मजकूर, वरून खालपर्यंत पूर्ण, पण डावीकडचा समास अर्धा कापलेला. नुसती अक्षरांची शेपटं दिसत होती. मोडी वाचून देणाऱ्या सरांनी तो कागद बघताच सांगितलं, "मजकूर खरेदीखताचा आहे, पण तुमचं काम समासात आहे. तो आणा."

आणि इथून पुढे माझी जी दमछाक झाली, तिचा राग अजून गेलेला नाही. खिडकीवरच्या माणसाचं एकच उत्तर: "दस्त मिळाला ना? मग?" दुसऱ्या वेळी, "जमिनीचा वाद आहे का?" वाद नाही, घराण्याचा इतिहास लिहितोय म्हटलं तर संशय आणखी वाढला. पुस्तक जुनं आहे, फाटेल. साहेब रजेवर आहेत. गणपतीनंतर या. मुंबईहून रात्रभर प्रवास करून गेलेल्या माणसाला हे ऐकवलं जातं आणि कापलेल्या समासात काय आहे हे बघायची इच्छाही कुणाला होत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून हे नीट सांगतो. दस्त नोंदवायला आणला की निबंधक, म्हणजे नोंदणी करणारा अधिकारी, त्यावर शेरे लिहितो: दस्त कोणी हजर केला, कधी, लिहून देणाऱ्याने कबूल केलं का, पैसे समक्ष दिले का, ओळख कोणी पटवली. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ६१ प्रमाणे हे शेरे नोंदवहीच्या समासात उतरवायचे असतात. म्हणजे समास हा दस्ताचाच भाग आहे. आणि कलम ५७ प्रमाणे पुस्तक क्रमांक १ (जमीनजुमल्याच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात, मालकी दाखवावी लागत नाही. तोंडी विनवण्या सोडून मी हीच दोन कलमं घालून लेखी अर्ज दिला, 'समासातील शेऱ्यांसह संपूर्ण पानाची नक्कल' असे शब्द वापरले आणि पोच घेतली. त्यानंतर पुस्तक टेबलावर आलं.

(जाताना बारीक भिंग न्या. आणि शक्यतो पावसाळ्यात जाऊ नका, दमट पानं एकमेकांना चिकटलेली असतात.)

समासात सगळ्यात वर दस्ताचा अनुक्रमांक होता. खाली भरण्याचा तपशील: दीडशेपैकी बरेचसे रुपये आधीच्या कर्जरोख्यापोटी वजा, हातात थोडेच. ओळख देणाऱ्यांत एकाचं वय, धंदा आणि राहणार कुठला ते लिहिलेलं. आडनाव आमच्या पणजीच्या माहेरचं! तिचं माहेर कुठलं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते गाव खाडीच्या पलीकडे निघालं.

अनुक्रमांक मिळाल्यावर मी लगेच पुढचे दोन क्रमांक मागितले. तुम्हीही मागाच. एका बैठकीत झालेले दस्त बहुधा पाठोपाठ नोंदवलेले असतात. पुढचाच दस्त सावकाराने पणजोबांना लिहून दिलेला: पाच वर्षांत रक्कम परत केली तर जमीन परत फिरवून देईन. त्याच्या पुढचा पणजोबांची कबुलायत: तीच जमीन ते खंडाने करणार आणि दरसाल दहा मण भात घालणार. तिन्ही एकत्र वाचले की चित्र उघड होतं. ही मुदत खरेदी होती, व्यवहारात गहाणच, आणि भात म्हणजे व्याज. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९२९ च्या दुरुस्तीनंतर अशी अट खरेदीखतातच असेल तरच ते कायद्याने गहाण धरलं जातं. त्याआधी ती वेगळ्या कागदावर असली तरी चालत असे. म्हणून त्या काळातलं एकटं खरेदीखत बघून 'विकली' असं म्हणू नका.

तारखेचं राहिलं. आमच्या दस्तावर शके १८३३, विरोधकृत संवत्सर, कार्तिक. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १९११. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत मात्र ७९. आकडा पुसट असेल तर संवत्सराच्या नावावरून तपासा. शके १८४९ ला प्रभव, म्हणजे साठ संवत्सरांतलं पहिलं, होतं, तिथून साठांच्या फेऱ्यात मागेपुढे मोजता येतं.

पाच वर्षांत रक्कम फिटली नाही, हे पुढच्या फेरफारांवरून दिसतं. पण पणजोबा जमिनीवरून उठलेही नाहीत. खंड भरत राहिले, म्हणूनच आजोबा कूळ लागले आणि जमीन परत आमची झाली. तिन्ही दस्तांची लिप्यंतरं छापून मी सगळ्या चुलत भावंडांना पाठवली. आत्याला स्वतः वाचून दाखवली. पणजीच्या माहेरच्या गावचे जुने फेरफार मागवलेत, त्या अर्जातही 'समासासह' लिहिलंय.