आयएटी प्लग उघडला, प्लॅन बदलला

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की आयएटी प्लग (इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरला जोडायचा, ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला हवा थंड भासवून जादा पेट्रोल सोडायला लावणारा) लावल्यावर ३५०० आरपीएमला बसणारा झटका गेला. तो परत आलाय. चार दिवस गाडी लोण्यासारखी पळाली, पाचव्या दिवशी थ्रॉटल मिटून परत उघडला की तोच खाडकन् धक्का, आणि वर नवीन दुखणं, गरम इंजिन पाच-दहा मिनिटं बंद ठेवून स्टार्ट केलं की खोकत खोकत उठतंय.

आधी कनेक्टरवर संशय होता म्हणून पिना साफ केल्या, मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघितली, सगळं ओके. मग ब्लेडने हीटश्रिंक चिरली. आत कडक झालेला गोंद, तो नखाने उकरल्यावर खाली एकच रेझिस्टर, तीन लाल पट्टे आणि एक सोनेरी, म्हणजे २.२ किलोओहम. बाकी काहीच नाही. पाकिटावर मात्र 'मायक्रोप्रोसेसर' छापलंय, ही सरळ फसवणूक आहे आणि मला त्याचा खरंच राग आलाय.

पण कोडं इथेच सुटलं. माझा सेन्सर एनटीसी आहे, गरम झाला की रेझिस्टन्स उतरतो. ३० अंशाला तो साधारण १.७ किलोओहम, त्यात २.२ मिळवले की ईसीयूला वाटतं हवा ९ अंश आहे, थंड हवा दाट म्हणून ७ टक्क्यांच्या आसपास पेट्रोल जास्त. इथपर्यंत ठीक. पण गाडी उभी राहून एअरबॉक्स ५५ अंशाला गेला की सेन्सर पाऊण किलोओहमवर येतो, ईसीयूला दिसतात १५ अंश, म्हणजे ४० अंशांची थाप! पेट्रोल तेरा-चौदा टक्के जादा, म्हणूनच गरम स्टार्टला खोकला, स्पार्क प्लगही काळा निघाला. अशा ज्या प्लगमध्ये स्वतःचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) असतो त्यांच्यात हा घोळ बराच कमी होतो, घ्यायचाच असेल तर तसला घ्या.

आता झटका का परतला ते. क्रूझिंगला ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे ईसीयू त्याचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करतो तेव्हा, मिश्रण १४.७ वर (१४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल) ओढून आणतो आणि ती दुरुस्ती ईसीयू लाँग टर्म ट्रिममध्ये साठवतो. प्लग बसवताना मी बॅटरी काढली होती, ट्रिम शून्य झाला, म्हणून थ्रॉटल उघड-मिट करताना (तिथे लूप ओपन असतो, ओटू सेन्सरचं ऐकलं जात नाही) जादा पेट्रोल मिळत होतं. काल लॉगरवर ट्रिम बघितला, उणे ७ टक्के. जेवढं प्लगने दिलं तेवढं ईसीयूने शिकून काढून घेतलं.

मधल्या मधे एक भारी गोष्ट झाली, थ्रॉटल केबलचा फ्री प्ले मोजला तर जवळपास ७ मिमी! २-३ वर आणला आणि अर्धा झटका तिथेच गेला, फुकटात, दहा मिनिटांत. संध्याकाळी फक्त तेवढ्यासाठी उगाच एक चक्कर मारून आलो. कुठलाही डबा घ्यायच्या आधी केबल आणि चेन बघा, मी हे आधी करायला हवं होतं.

उरलेल्या झटक्यासाठी ओटू एलिमिनेटर (ओटू सेन्सरच्या जागी लावायचा प्लग) लावणार होतो, पण लिहिता लिहिताच डोक्यात आलं, माझ्या वाईडबँड कंट्रोलरला (मिश्रणाचा नेमका आकडा मोजणाऱ्या वेगळ्या ओटू सेन्सरचा डबा) दुसरं आउटपुट आहे जे नॅरोबँडची, म्हणजे गाडीच्या मूळ ओटू सेन्सरची, नक्कल करतं आणि त्याचा स्विच पॉइंट बदलता येतो. तो १४.७ ऐवजी १४.१ ला ठेवला तर ईसीयू स्वतःच तिथे ट्रिम करेल, शिकलेलं आपल्याच बाजूने लागेल. मूळ सेन्सरचा हीटर जोडलेलाच ठेवायचा, नाहीतर चेक लाइट येईल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीवर मात्र हे करू नका, १४.७ सोडलं की तो नीट काम करत नाही. माझी गाडी फक्त ट्रॅकवर जाते आणि पाइपमध्ये कॅट नाही.

एलिमिनेटर त्यामुळे रद्द. एकच अडलंय, वाईडबँडची अर्थ वायर सध्या फ्रेमला आहे आणि मल्टिमीटरवर ईसीयूच्या ग्राउंडपेक्षा ०.०८ व्होल्टचा फरक दिसतोय. ०.४५ व्होल्टवर निर्णय घेणाऱ्या सिग्नलसाठी हे फार झालं. उद्या ती वायर थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडजवळ नेतो. कुणी हे आधी केलं असेल तर वाईडबँडच्या हीटरचं ग्राउंड वेगळं ठेवलंत का ते सांगा, एकाच पिनला दोन्ही द्यायला मन धजत नाहीये.