किती दिवस लागलं ओ?

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात मी चित्रं बघतो, पण त्याहून जास्त चित्रं बघणारी माणसं बघतो. चित्रापुढं माणूस थांबतो, मान तिरकी करतो, दोन पावलं मागं सरकतो आणि कोपऱ्यात बसलेल्या चित्रकाराला हमखास विचारतो, "किती दिवस लागलं ओ ह्याला?"

मागं एकदा रंकाळा तलावाचं जलरंगातलं चित्र लागलं होतं. पाण्यावरचं ऊन नुसता कागद कोरा सोडून दाखवलेलं, संध्यामठ चार फटकाऱ्यांत उभा केलेला. चित्रकार सरळ माणूस. म्हणाला, "दीड तास." विचारणाऱ्याची नजर किमतीच्या चिठ्ठीवर गेली. पाच हजार भागिले दीड. हिशोब होईपर्यंत चित्र त्याच्या मनातून उतरलं होतं. शेजारी ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार होतं, तीन महिन्यांचं काम. तिथं मात्र "नादखुळा!" (मला ते चित्र दमल्यासारखं वाटलं, पण मला विचारतंय कोण.)

हे खूळ फक्त कोल्हापूरचं नव्हे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच चित्रकर्तीची दोन अमूर्त चित्रं. निम्म्या लोकांना सांगितलं, पहिल्याला ४ तास लागले, दुसऱ्याला २६, उरलेल्यांना उलटं. ज्याचे तास जास्त सांगितले तेच चित्र सरस ठरलं. स्वतःला जाणकार म्हणवणारेही त्यातून सुटले नाहीत. चांगलं-वाईट कळेनासं झालं की आपण घाम मोजायला लागतो, एवढंच.

लंडनच्या कोर्टात १८७८ साली हाच प्रश्न व्हिस्लर या चित्रकाराला वकिलानं विचारला होता : दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी मागता? तो म्हणाला, नाही, जन्मभराच्या जाणतेपणाचे. टीकाकार रस्किनवर लावलेला बदनामीचा तो दावा त्यानं जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

खासबागेत कुस्त्या बघताना मात्र आपण असं घड्याळ लावत नाही. घिस्सा डाव बसला, मिनिटाच्या आत समोरचा चितपट, की मैदान डोक्यावर घेतो. तिकिटाचे पैसे फुकट गेले असं कुणी म्हणत नाही. उलट नुसती खडाखडी लांबली की शिट्ट्या सुरू. कारण पहाटेचे जोर, लाल माती, थंडाई हे सगळं आपण पोरवयापासून बघितलेलं असतं. चित्रकाराची तालीम कुणी बघितलीय? रंकाळ्याच्या काठावर वाया गेलेले कागद तो थोडेच फ्रेम करून लावतो.

माझ्या ओळखीचे एक पोर्ट्रेटवाले काका यात मुरलेले आहेत. चित्र झालं तरी गिऱ्हाइकाला लगेच फोन करत नाहीत, पंधरा दिवस तसंच ठेवतात. "रंगबी वाळतोय, आन् भावबी टिकतोय," म्हणतात.