जपानी शिकायचंय? आधी हुंकारा द्यायला शिका

मागच्या मंगळवारी इथल्या एका दवाखान्यात अपॉइंटमेंटसाठी फोन केला. पलीकडची बाई सांगत होती कधी यायचं, काय काय आणायचं, आणि मी अगदी कान देऊन ऐकत होते, एक शब्द सुटू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेत होते. पण ती दर वाक्याला थांबायची. "मोशी मोशी? किकोएमास का?" म्हणजे हॅलो, ऐकू येतंय का. मी "हाइ" म्हणायचे, ती परत सुरू, मी परत गप्प, ती परत थांबली. चौथ्यांदा तिनं लाइन खराब आहे असं समजून माफी मागितली आणि फोन ठेवला. मला सगळं समजत होतं हो! तेच जास्त लागलं. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन-फोर पातळी पास होऊन आलेली मी, दोन वर्षं झाली ओसाकात राहते, आणि समजत असूनही फोन कट.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाजूला बसणाऱ्या पन्नाशीच्या बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि म्हणाल्या, तू ऐकताना आवाज करत नाहीस, मलाही सुरुवातीला वाटायचं की तुला माझा राग आलाय. मग लंच ब्रेकचा अख्खा तास त्यांनी मला शिकवण्यात घालवला, स्वतःचा डबा तसाच ठेवून. हे मी विसरणार नाही.

जपानीत याला 'आइझुची' म्हणतात. त्सुची म्हणजे हातोडा. दोन लोहार एकाच तापलेल्या लोखंडावर आळीपाळीने घाव घालतात, एकाचा पडला की लगेच दुसऱ्याचा, त्यावरून आलेला शब्द. बोलणारा एक घाव घालतो, ऐकणाऱ्याने दुसरा घालायचा: हाइ, एए, सोओ देस् ने. गंमत अशी की इथे मेट्रोत फोनवर बोललेलं चालत नाही, डबाभर माणसं चिडीचूप, पण समोर कोणी बोलत असताना तुम्ही गप्प बसलात तर तो माणूस अस्वस्थ होतो.

आता माझंही ऐका. आमच्या घरी बाबा बोलत असताना मधे हूं की चूं करायची हिंमत नव्हती. गप्प राहून ऐकणं म्हणजे मान देणं, हेच शिकून मी मोठी झाले, आणि त्यात काही चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. माझ्या गप्प राहण्यात उद्धटपणा नव्हता, उलट होतं. हे मला त्या फोनवरच्या बाईला सांगता आलं नाही म्हणून इथे सांगते.

पण रात्री झोपताना आजी आठवली. नागपूरला महालातल्या जुन्या घरी ती गोष्ट सांगायची आणि मधेच थांबायची, "हुंकारा दे वो, नाही त गोष्ट संपली." मग आम्ही पोरं अंधारात "हाव... हाव... मंग?" म्हणजे आइझुची आपल्याकडे होतीच की! फक्त वर्गात, परीक्षेत कुठे ती आली नाही. जेएलपीटी परीक्षेत सगळ्यात सोप्या एन-फाइव्हपासून सगळ्यात अवघड एन-वनपर्यंत बोलण्याचा पेपरच नसतो, नुसतं वाचा, ऐका आणि गोळे काळे करा. म्हणून धरमपेठेतून माझा चुलतभाऊ विचारतो ना, ताई सुरुवात कुठून करू, त्याला माझं उत्तर हे आहे, हुंकाऱ्यापासून कर. रोज दहा मिनिटं कोणाचंही जपानी बोलणं लाव आणि दर वाक्याच्या जोडावर मोठ्याने "हाइ" म्हण. मोठ्या माणसांसमोर 'हाइ', 'एए'. 'उन्' फक्त दोस्तांत, साहेबासमोर चुकूनही नाही.

आणि एक, हा 'हाइ' म्हणजे दरवेळी होकार नाही, बरेचदा तो फक्त 'ऐकतोय' असतो. मी एकदा मीटिंगमध्ये समोरच्याचे दहा 'हाइ' ऐकून काम पक्कं झालं असं धरून चालले आणि आठवडाभर वाट पाहत बसले. खरा नकार वेगळाच येतो. "सोरे वा चोत्तो..." म्हणजे 'ते जरा...' आणि वाक्य तिथेच सोडून देतात. ते सुटलेलं वाक्य ऐकू आलं की समजायचं, नाही.

बाकी मराठी माणसाला घाबरायचं काही कारण नाही, हे मी अभिमानाने सांगते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. 'नागपूर कारा किमाशिता' म्हणजे नागपूरहून आले, 'कारा' म्हणजे हून, 'मादे' म्हणजे पर्यंत, प्रत्यय शब्दाच्या मागेच लागतात. इंग्रजीतून शिकणारे वाक्य उलटं करण्यात दमतात, आपल्याला ते करावंच लागत नाही. 'त्सु' म्हणजे आपल्या 'चूक'मधला चू. रोमन अक्षरात लिहून पाठ करू नका, देवनागरीत लिहा, आणि महिनाभरात हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरं पक्की करा. त्यांचा क्रम बघा, का सा ता ना हा मा या रा वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आलेली ही मांडणी, म्हणजे आपल्या बाराखडीचीच नात्यातली. दीक्षाभूमीच्या गावातून आलेल्या मुलीला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रांसारखी अक्षरं, मात्र २१३६ आहेत नेहमीच्या वापराची, तिथे शॉर्टकट नाही. आणि दीर्घ स्वर सांभाळा, 'ओबासान' काकू आणि 'ओबाआसान' आजी, काकूला आजी म्हणालात तर ती काय करेल ते नागपुरात वेगळं नाही.

पुस्तकात टोकियोची भाषा असते. ओसाकाची माणसं धन्यवादाला 'ओओकिनी' म्हणतात, नाही चालणार याला 'आकान्', आणि कोणी लाजत नाही. कॉलेजात पुण्याला असताना मी 'मले-तुले', 'काहून' सोडून दिलं होतं, कोणी नावं ठेवू नये म्हणून. इथे येऊन परत आईशी तसंच बोलायला लागले.

सकाळी निघताना बिल्डिंग झाडणारे आजोबा म्हणतात, "इत्तेरास्शाई", जाऊन या. उत्तर 'इत्ते किमास्', शब्दशः जाऊन येते. दोन वर्षांपूर्वी सोनेगावच्या एअरपोर्टवर मी घाईत "जाते" म्हणाले होते आणि बाबांनी तिथल्या तिथे थांबवलं होतं, "जाते नाही म्हणू, येते म्हण." दोन वर्षांत येणं झालं नाही. नोकरी नवी, तिकीट महाग, कारणं खरीच आहेत, आणि बाबा तर एकदाही 'कधी येते' असं विचारत नाहीत. एन-थ्रीची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आहे. तिकीट त्यानंतरच्या शुक्रवारचं काढलंय.