दिवेआगरला जावं की नाही

शुक्रवार, १८ डिसेंबर २०२०

आज जेवताना परत तोच विषय निघाला आणि परत अर्धवटच राहिला. दर डिसेंबरात आम्ही दिवेआगरला जातो, मोठी कडेवर होती तेव्हापासून, आणि उतरतो पण त्याच काकूंकडे, वाडीतल्या त्याच दोन खोल्यांत. यंदा जायचं की नाही हे काही केल्या ठरत नाहीये.

नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे. कोरोनात मार्चपासून एवढं सांभाळलं, आईंना शुगर आहे, बीपी आहे, वय सत्तरच्या पुढे, आणि लस आता काही महिन्यांवर आलीये, सगळं जग जिची वाट बघतंय ती लस इथे आपल्या हडपसरला तयार होतेय, गेल्याच महिन्यात पंतप्रधान सीरम इन्स्टिट्यूटमध्ये येऊन बघून गेले, मग एवढं थांबलो तर अजून थोडं थांबायला काय होतंय. त्याचं खोडून काढता येत नाही. सप्टेंबरात एका बेडसाठी सगळी बिल्डिंग फोन फिरवत होती ते आम्ही दोघांनी बघितलंय, आणि ज्यांच्यासाठी फिरवत होतो ते काका घरी परत आले नाहीत.

पण दुसरी बाजू पण आहेच ना. सप्टेंबरात राज्यात दिवसाला वीस-वीस हजारांच्या वर पेशंट निघत होते, आता तीन-चार हजारांवर आलेत. जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास सप्टेंबरातच बंद झाला, हॉटेलं-लॉज चालू आहेत, दिवाळीच्या पाडव्यापासून देवळं पण उघडलीत. गोव्याचा विचार आधीच सोडला कारण तिथून विमानाने नाहीतर रेल्वेने परत यायचं तर नोव्हेंबरपासून आरटी-पीसीआर रिपोर्ट लागतो, आणि गाडीने आलं तरी बॉर्डरवर तपासणी आहे. दिवेआगरला तसलं काही नाही, ताम्हिणीतून उतरायचं, माणगाव, म्हसळा, की पोचलो. फक्त केंद्राची सूचना अजून आहे की ६५ च्या वरच्यांनी आणि १० च्या खालच्यांनी गरज असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. म्हणजे आई आणि धाकटा, दोघंही त्यात बसतात. जायला बंदी नाही पण जा असंही कोणी म्हणत नाही, सगळं आपल्यावर सोडलंय, आणि हेच मला सगळ्यात जड जातंय.

आपण सगळ्यांनी टेस्ट करून जाऊ असं मी म्हटलं होतं. आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले करा हवी तर, पण त्यावर फार विसंबू नका. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी चौदापर्यंत जातात, त्यातल्या पहिल्या एक-दोन दिवसांत स्वॅब दिला तर निगेटिव्हच येतो आणि मग माणूस बिनधास्त होऊन मास्क खाली घेतो. त्यापेक्षा जायच्या आधी आठ-दहा दिवस कुठेच जाऊ नका, कोणाला घरात घेऊ नका, हे टेस्टपेक्षा जास्त कामाचं. हे मला पटलं. भाजी तशीही गेटवरच येते, नवऱ्याचं ऑफिस घरूनच आहे, मुलांची शाळा मोबाईलवर. पुण्यात बसून आम्ही जेवढे बंद आहोत तेवढं कोणी असेल असं वाटत नाही.

हे सगळं आम्ही दोघं बोलत होतो आणि आई समोर बसून भात कालवत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "माझ्यासाठी जायचं नाही म्हणताय ना, मग मला विचारा तरी एकदा."

दोघंही गप्प झालो. मार्चपासून आईंचं सगळं आम्हीच ठरवतोय, खाली बाकावर बसायचं नाही, भजनाला जायचं नाही, नणंदेकडच्या बारशाला जायचं नाही. त्यांच्या काळजीनेच ठरवतोय, ते खरंच आहे. पण माझी स्वतःची आई असती तर तिने एवढं ऐकून घेतलं नसतं हेही मला माहितीये.

रविवार, २० डिसेंबर

आज काकूंना फोन केला. मनात ठरवलेलं की खोल्या आहेत का हे आधी विचारायचं नाही, आम्ही आलेलं तुम्हाला चालेल का हे विचारायचं. बोलत गेलो तर तासभर गेला.

३ जूनला निसर्ग वादळ त्यांच्या डोक्यावरूनच गेलं. वाडीतल्या सुपाऱ्या अक्षरशः आडव्या झाल्या, नारळ मधून मोडले, खोल्यांवरचे पत्रे उडून शेजारच्या विहिरीत सापडले, आणि लाईट यायला कित्येक दिवस लागले. सरकारने आधी हेक्टरी मदत जाहीर केली होती, पण तिथे कोणाकडे हेक्टरात वाड्या आहेत, गुंठ्यांचा हिशोब असतो, मग झाडावर मदत द्यायचं ठरलं, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षं तरी घेतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे नावाजलेली, काकूंच्या सासऱ्यांनी लावलेली झाडं होती ती. आता वाडीतून ऊन थेट अंगणात येतं, असं त्या म्हणाल्या. मला ते डोळ्यासमोर येईना, कारण त्या अंगणात दुपारी पण गारवा असायचा.

म्हणजे आता त्यांच्याकडे उत्पन्न म्हणजे पाहुणेच. आणि पाहुणे मार्चपासून नव्हते, दिवाळीनंतर थोडे यायला लागले. मी विचारलं भीती नाही का वाटत. म्हणाल्या, "वाटते ना, पण काय करणार, बँकेचा हप्ता आहे." सुरुवातीला गावाने रस्ताच बंद केला होता, मुंबई-पुण्याच्या माणसाला आत घेत नव्हते. त्यात कोणाचं चुकलं असं मला वाटत नाही, बोर्लीला प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे श्रीवर्धनचं रुग्णालय, आणि खरंच गंभीर झालं तर माणगाव नाहीतर अलिबाग. आम्हाला पुण्यात बेड मिळेना, तिथे काय झालं असतं.

मग त्यांनी सहज सांगितलं आणि मी फोन धरून नुसती बसून राहिले. काकूंच्या सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. पाहुणे असले की त्यांना मागच्या खोलीत ठेवतात, पुढे ओटीवर येऊ देत नाहीत, ताट पण तिथेच. दिवाळीच्या आठवड्यात तर रोज कोणी ना कोणी होतं म्हणून आजी सगळा आठवडा आतच होत्या. ज्या बाई आम्ही गाडीतून उतरलो की आधी धाकट्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवायच्या त्या.

म्हणजे आमच्या आईंना चार दिवस बाहेर पडता यावं म्हणून तिकडच्या आजींनी चार दिवस कोंडून घ्यायचं. आत्तापर्यंत आमच्या घरातल्या चर्चेत ही गोष्ट नव्हतीच, सगळं आपल्याला काही होईल का एवढ्यावरच चाललेलं. आपण पण कोणालातरी काही देऊन येऊ शकतो हे मास्क लावताना माहीत असतं, पण सुट्टी ठरवताना डोक्यात येत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला मग प्रश्नच मिटला, नको जाऊया, पैसे मात्र पाठवून देऊ. पैसे पाठवायचे हे बरोबरच आहे, पण काकूंनी ते तसे घेतले नसते. त्यांना मी ओळखते.

सोमवार, २१ डिसेंबर

दीर लंडनला असतो. तो २४ ला येणार होता, मार्चपासून दोन वेळा त्याचं येणं रद्द झालंय, आणि आई दिवेआगर दिवेआगर करत होत्या त्यात अर्धी ओढ त्याचीच होती, सगळे एकत्र जाऊ म्हणून. शनिवारी रात्री तिकडे टियर फोर, म्हणजे सगळ्यात कडक निर्बंध लावले, नवीन स्ट्रेन जास्त वेगाने पसरतोय म्हणे, आणि आज आपल्या सरकारने उद्या रात्रीपासून ३१ तारखेपर्यंत यूकेची सगळी विमानं बंद केली. इकडे राज्याने पण उद्यापासून ५ जानेवारीपर्यंत महापालिकांच्या हद्दीत रात्री ११ ते ६ संचारबंदी लावली.

त्याने व्हिडिओ कॉल करून आईंना स्वतःच सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, तिकडे जेवणाचं काय करतोस विचारलं, स्वेटर घालत जा म्हणाल्या, आणि मग खोलीत जाऊन पडल्या.

संध्याकाळी मुलांना गुरू-शनीची युती बघायला गच्चीवर न्यायचं होतं. १६२३ नंतर हे दोन ग्रह एवढे जवळ दिसणार म्हणून मोठीच्या सायन्सच्या टीचरनी सांगितलेलं. आई येणार नाहीत असं वाटलं होतं पण शाल घेऊन आल्या. पश्चिमेला इमारतींच्या मधल्या फटीत दिसले एकदाचे, जवळजवळ चिकटलेले. धाकटा म्हणाला समुद्रावरून अजून खालपर्यंत दिसले असते. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

मंगळवार, २२ डिसेंबर

मोठीच्या शाळेचा मेसेज आला. पुण्यात नववी ते बारावीचे वर्ग ४ जानेवारीपासून सुरू होणार आहेत, पालकांनी संमतीपत्र भरून द्यायचंय. मोठी नववीत आहे आणि तिला शाळेत जायचंच आहे, घरात बसून ती किती कोमेजलीये ते आम्ही बघतोय, त्यामुळे आम्ही सही करणार. पण एकदा ती शाळेत जायला लागली की आत्ताचं हे बंद घर बंद राहणार नाही. मग आईंना तिच्यापासून लांब ठेवायचं का, जेवायला वेगळं बसवायचं का, हे सगळं पुढे आहेच. म्हणजे आईंना कुठे न्यायचं असेल तर ते ४ तारखेच्या आत, नंतर कधी जमेल ते लस येईपर्यंत सांगता येत नाही. मला तरी हा हिशोब स्पष्ट दिसला आणि पहिल्यांदाच नवऱ्यालाही दिसला.

पण आजींचं काय हा प्रश्न तसाच होता. तेव्हा मी आईंना सगळं सांगितलं, मागच्या खोलीचं पण. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या फोन लाव, मी बोलते तिच्याशी. काकूंशी नाही, आजींशी. दोघींना कमी ऐकू येतं त्यामुळे सगळं घर ऐकत होतं. आधी गुडघे झाले, मग वादळ, मग गेलेली माणसं, दोघींच्या ओळखीतली बरीच निघाली. मग आईंनी सरळ विचारलं, आम्ही आलो तर तुम्हाला आत बसावं लागेल, तसं असेल तर मी येत नाही. आजी काय म्हणाल्या ते सगळं कळलं नाही पण एवढं नीट ऐकू आलं की "तुम्ही या, मी ओटीवर बसते, तुम्ही अंगणात खुर्ची टाका, मधे तुळस आहेच."

नंतर काकूंशी बोलून मी बाकीचं ठरवलं. २५ ते २७ लाँग वीकेंडची गर्दी, ३१ पासून परत थर्टीफर्स्टवाले येणार, मधे सोमवार ते बुधवार गाव रिकामं असतं. ते तीन दिवस दुसरं कोणी नको असं मी म्हटलं, चारही खोल्यांचे पैसे आम्ही देतो, दोन आम्ही वापरू आणि दोन रिकाम्या ठेवा. काकू आधी नको नको म्हणाल्या. शेवटी दिराने तिकडून निम्मे पाठवले, त्याच्या तिकिटाचे परत मिळणारेत त्यातले, आणि फोनवर त्यांना म्हणाला की माझी खोली तेवढी धरून ठेवा.

परवडलं म्हणून हे जमलं, हे मला कळतंय. समोरच्या फ्लॅटमधल्या ताईंच्या मिस्टरांचा पगार एप्रिलपासून अर्धा आहे, त्यांच्याकडे जायचं का नाही हा प्रश्नच आला नाही.

गुरुवार, २४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार, आईंची पूजा झाली. आज दीर विमानात बसला असता.

ठरलंय ते लिहून ठेवते म्हणजे ऐनवेळी वाद नकोत. सोमवारी पहाटे निघायचं, वाटेत कुठे खायला थांबायचं नाही, दशम्या आणि चटणी घरून, चहाचा थर्मास. आईंना बाथरूमसाठी एकदा थांबावं लागेल, त्यासाठी ताम्हिणी उतरल्यावरचा तो स्वच्छ पंप नवऱ्याच्या लक्षात आहे. आईंची औषधं, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर. काकूंच्या स्वयंपाकघरात आमच्यातल्या कोणी पाऊल टाकायचं नाही, ताटं अंगणातच घ्यायची आणि आपली आपण घासून द्यायची. समुद्रावर सकाळी लवकर. २९ ला दत्तजयंती आहे, देवळात गर्दी असेल तर बाहेरूनच नमस्कार. आमच्यापैकी कोणाला रविवारी रात्रीपर्यंत साधा घसा जरी खवखवला तरी गाडी निघणार नाही, आणि पैसे परत मागायचे नाहीत. ही शेवटची अट आईंनी घातली.

नवरा अजून पूर्ण तयार नाहीये, रोज रात्री जिल्ह्याचे आकडे बघतो, रायगडचे आणि आपले. त्याला बघू देत. मला पण रात्री जाग येते आणि सप्टेंबर आठवतो.

काकूंचा आत्ता मेसेज आला, वालाच्या शेंगा चांगल्या आल्यात, मंगळवारी मडक्यात भाजून पोपटी लावू, मडकं तुमचं वेगळं. आईंनी विचारलंय मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला मिळाला का यंदा, वादळात तोही गेला असेल.