मी एवढं लिहिलेलंच नाही

सायटेशनच्या, म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला त्या आकड्यावरून माझ्या टेबलाशी येणाऱ्या डॉक्टरांची तक्रार एकच असते, आकडा कमी आलाय. "माझा एक पेपर दिसतच नाही", "त्याचे बावीस आणि माझे अठरा कसे?" 17 वर्षं हेच ऐकतोय. त्यामुळे जुलैतल्या एका सोमवारी बालरोग विभागाच्या मॅडम ओली छत्री दारातल्या बादलीत टेकवून आत आल्या आणि म्हणाल्या, "सर, माझा आकडा जास्त आलाय, तेवढा कमी करून द्या," तेव्हा मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली.

मी नवी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. राहायला ठाण्यात, रोज ट्रान्स-हार्बरने नेरूळ. नोकरीला लागलो तेव्हा काम म्हणजे पुस्तकं देणं-घेणं आणि उशिराचा दंड. आता निम्मा दिवस डॉक्टरांचे पेपर मोजण्यात जातो. कोणी किती लिहिलं, इतरांनी आपल्या लेखांत त्याचा किती वेळा संदर्भ दिला, एच-इंडेक्स (पेपर आणि सायटेशन मिळून काढलेला एक आकडा) किती. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला हे लागतं, कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफला लागतं, वार्षिक अहवालाला लागतं. त्या वर्षी भरीला भर म्हणून 'सर्वाधिक सायटेशन असलेले प्राध्यापक' असा सत्कार ठरला होता. यादी संध्याकाळी पाचच्या आत डीन ऑफिसला जायची होती आणि यादीत मॅडम पहिल्या होत्या. सायटेशन 1,900च्या वर, एच-इंडेक्स 19.

"मी एवढं लिहिलेलंच नाही हो. सगळे मिळून दहा-अकरा पेपर असतील."

त्यांचं प्रोफाइल उघडलं. 43 पेपर. सगळ्यात वरचा टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरांवर. दुसरा सौर घटांवर. मॅडमनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं. "मी पोरांना ओआरएस पाजते, सर. हे काय आहे?"

काय झालं ते लगेच कळलं. महिन्यापूर्वी परिपत्रक निघालं होतं, सर्व प्राध्यापकांनी आठवड्यात ऑनलाइन प्रोफाइल तयार करावं. मॅडमची ओपीडी दीडशेच्या घरात. त्यांनी ते काम रेसिडेंटकडे दिलं. "हे लेख तुमचेच का?" असं विचारून संगणक सारख्या नावाचे गठ्ठेच्या गठ्ठे पुढे करतो. रात्रपाळी करून आलेल्या त्या पोराने सगळ्याच गठ्ठ्यांना हो म्हटलं. मॅडमच्या सासरचं आडनाव आणि दोन आद्याक्षरं भौतिकशास्त्रातल्या कुणा भलत्याच प्राध्यापकांशी तंतोतंत जुळत होती. आपली आडनावं ठरावीक, आद्याक्षरंही ठरावीक. ठाणे स्टेशनवर नुसतं "पाटील साहेब" म्हणून हाक मारा, किती माना वळतात बघा.

मी चुकीचे पेपर काढायला घेतले तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. "असू दे ना, कॉलेजचंच नाव होतंय. कोण बघायला बसलंय?" मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, कुणाच्या तरी आयुष्यभराचं काम आहे ते. माझ्या नावावर कसं राहू देऊ?" पलीकडे काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही, पण फोन लवकर परत मिळाला.

दुसऱ्याचे पेपर काढायला पाच मिनिटं लागली. खरं काम पुढे होतं. मॅडमच्या हिशेबाने अकरा, आणि स्क्रीनवर उरले सात.

"चार कुठे गेले?" मी विचारलं.

"लग्नाआधीचे असतील."

माहेरचं आडनाव कुलकर्णी. ते सांगितलं म्हणून कुणी ओळखणार नाही, आमच्या कॉलेजातच अकरा आहेत. लग्न झालं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. सासरच्या सगळ्यांना ठाऊक की ही तीच मुलगी. संगणकाच्या लेखी मात्र एक संशोधक 1998 मध्ये अचानक थांबली आणि दुसरीच एक कुठूनतरी उगवली. पुरुष डॉक्टरांचं हे कधी होत नाही, म्हणून असेल, ही अडचण कुठल्याही परिपत्रकात येत नाही. 2012पासून ऑर्किड नावाची सोय आहे. संशोधकाला 16 अंकी क्रमांक मिळतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही. पण तो मागचे पेपर आपोआप शोधून आणत नाही, ते आपल्यालाच जोडावे लागतात.

कॉलेज ज्या डेटाबेसचे पैसे भरतं, त्यातही मॅडमच्या दोन नोंदी निघाल्या. माहेरच्या नावावर चार पेपर, त्यांची सायटेशन 81, 12, 7 आणि 3. सासरच्या नावावर सात, सायटेशन 31, 9, 7, 4, 2, 1 आणि शेवटच्याला भोपळा.

इथे एच-इंडेक्सचं गणित सांगतो, कारण पुढची गंमत त्यातच आहे. 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ही मोजणी मांडली. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. पेपरच्या क्रमांकाइतकी किंवा त्याहून जास्त सायटेशन आहेत तिथवर यायचं आणि थांबायचं. माहेरच्या यादीत तिसऱ्या पेपरला 7 आहेत, चौथ्याला 3च, म्हणून इंडेक्स 3. सासरच्या यादीत चौथ्याला 4 आहेत, पाचव्याला 2, म्हणून इंडेक्स 4.

आस्थापनेतला क्लार्क दुपारी यादी न्यायला आला तेव्हा त्याने माझ्या कागदावर नजर टाकली आणि पेनाने लिहूनही टाकलं, "तीन अधिक चार, सात."

मी म्हटलं, "अरे, ही बेरीज नसते." अकराही पेपर एकत्र लावले, 81, 31, 12, 9, 7, 7, 4. सहाव्याला 7, सातव्याला 4. इंडेक्स 6. त्याला वाटलं, मी मॅडमचा एक मार्क कापतोय. तो मॅडमकडे सहानुभूतीने बघत राहिला. मॅडम हसल्या. "एकोणीसवरून सहावर आले, एकाचं काय घेऊन बसलाय?"

दोन नोंदी एक करायचा अर्ज मी केला, पण त्याला दिवस लागतात. पाचच्या यादीसाठी अकराही पेपर हाताने तपासून सहीचा कागद जोडायचा ठरलं. तपासताना 81वाला पेपर नीट बघितला. 1997चा. विंचू चावलेल्या मुलांवरचा. लग्नाआधी मॅडम रायगड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होत्या, तिथल्या नोंदींवरून लिहिलेला. त्याच जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण पाहिले, 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं आणि पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात कसं जीव वाचवतं ते दाखवून दिलं. "आम्ही सगळे त्यांच्याच वाटेने गेलो," मॅडम म्हणाल्या. "चावा बसला की पोर घामाने निथळायचं, हातपाय गार. प्राझोसिनची गोळी वेळेवर गेली की रात्र निघायची. ते मी फक्त मोजून ठेवलं."

त्या 81मध्येही काही हरवलं होतं. मी त्यांचं आडनाव वेगवेगळ्या तऱ्हांनी शोधत होतो तेव्हा 'कुलकामी' नावाच्या कुणाचा तरी तोच लेख, तेच पान, तेच वर्ष सापडलं. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी आले की स्कॅन करणाऱ्या यंत्राला कधीकधी एम दिसतो. कुणा एकाने चुकीचा संदर्भ छापला, मूळ लेख न उघडता पुढच्यांनी तोच उतरवला. कुलकामींच्या खात्यात सात सायटेशन जमा होती. एच-इंडेक्सला त्याने फरक पडत नव्हता, तरी मी दुरुस्तीचा अर्ज टाकला. उलट 81पैकी एक संदर्भ असा होता, ज्यात लेखकाने मॅडमच्या लेखातली रुग्णसंख्या अपुरी आहे म्हणून चांगलं झोडपलंय. मोजणीत तोही एकच.

ही सगळी मोजदाद सुरू केली ती युजीन गारफिल्ड यांनी, 1964च्या सायन्स सायटेशन इंडेक्सपासून. 1955 मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा हेतू साधा होता, एखाद्या लेखावर पुढे कोण काय म्हणालं ते शोधता यावं. माझ्या मते ग्रंथपालाचंच काम ते. पुढे त्याची गुणपत्रिका झाली. याच गारफिल्डांनी 1986 मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांच्यावर लेख लिहिला. डे यांनी 1959 मध्ये 'नेचर'मध्ये कॉलऱ्याच्या जंतूचं विष दाखवून दिलं, पण देशात त्यांच्या वाट्याला मान-सन्मान फारसे आलेच नाहीत. गारफिल्डांचा लेख येण्याच्या आदल्या वर्षी ते वारले होते. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जुलाबाच्या डॉक्टरांचं असंच असतं." आणि डबा उघडला. कोबीची भाजी होती, मलाही दिली.

पाचला यादी गेली. मॅडम पहिल्यावरून नवव्या. त्यांच्या वरच्या आठांचे आकडेही मी तपासावेत असं डीन ऑफिसने कळवलं, तेव्हा विभागप्रमुखांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. त्या आठांत आणखी दोघांच्या नावावर परक्यांचे लेख निघाले. सत्कार अखेर शल्यचिकित्सेच्या एका सरांचा झाला. त्यांचं आडनाव इतकं दुर्मीळ, की त्यांच्या नावावर दुसऱ्याचं काही चढण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडम घरून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. मूळ लेखाची छापील प्रत फाईलला लावायची होती, ती त्या पिशवीत होती आणि तिच्याबरोबर रबरबँडने बांधलेली पोस्टकार्डं. पूर्वी ज्याला लेख हवा असे तो लेखकाला कार्ड टाकून प्रत मागवायचा. ब्राझील, ट्युनिशिया, मेक्सिको, जिथे जिथे विंचू आहेत तिथून आलेली. मी मोजली, 34. यातल्या किती जणांनी पुढे संदर्भ दिला ते शोधू का, असं विचारलं तर मॅडमनी हात हलवला.

एकाही कार्डावर तिकीट नव्हतं. प्रत्येकाच्या कोपऱ्यात चौकोनी भोक. मुलगा लहान असताना जमवायचा, म्हणाल्या.